मालवणचा समुद्र आणि आपल्या गावातील नांग्या



या पानावर आम्ही एरवी लागणीचे अंतर, बेणेप्रक्रिया आणि खोडव्याची निगा यांवरच लिहितो. या खेपेस विषय वेगळा आहे, पण तो आपल्या घरचाच आहे.

मालवणला चिवला किनाऱ्यावर राज्यस्तरीय सागरी जलतरण स्पर्धा भरते. तीत दिव्यांग जलतरणपटूंचाही गट असतो. गेल्या डिसेंबरात तिच्या उद्घाटनास हजर राहण्याचा योग आम्हांस आला. वैभववाडी तालुक्यातील एक सभासद आणि त्यांचा चौदा वर्षांचा मुलगा बरोबर होते. दोन वर्षांपूर्वी कडबा कुट्टीत मुलाचा डावा हात कोपराखाली गेला. शाळा सुटली नाही, पण मैदान सुटले. लग्नकार्यातही तो शर्टाची बाही खाली सोडून कोपऱ्यात बसे. "थय जावन झिलाक आणखी वायट वाटतला," अशी वडिलांना धास्ती होती.

उद्घाटन आपल्याकडे होते तसेच झाले. मांडव, हारतुरे, ध्वनिक्षेपकाची खरखर, पाहुण्यांची भाषणे. भाषणे जरा लांबलीच! मग सागराला श्रीफळ अर्पण केले आणि मंडळी पाण्याकडे निघाली. खरा समारंभ तेथे होता. चाकाची खुर्ची वाळूत रुतते, म्हणून एका तरुणाला दोघांनी उचलून पाण्याच्या कडेला नेले. एकाने कृत्रिम पाय काढून टॉवेलात गुंडाळला आणि आईच्या हाती दिला. डोळ्यांनी न दिसणारा एक मालवणी गडी सोबत्याला म्हणाला, "माका हात नको. खय जावचा ता फकत सांगा." सोबत्याने दिशा सांगितली आणि तो पुढे चालू लागला.

आमच्याबरोबरचा मुलगा एका हाताने पोहणाऱ्या मुलीकडे टक लावून पाहत होता. एका बाजूने वल्हे मारले तर होडी गोल फिरते, मग ही सरळ कशी जाते? हा प्रश्न त्याने स्वतः जाऊन तिच्या प्रशिक्षकांना विचारला. पायांचा मारा आणि कमरेचा तोल यांनी ती दिशा राखते, असे त्यांनी समजावले आणि वाळूवरच पालथे पडून दाखवले. परतीच्या वाटेवर वडील म्हणाले, "उन्हाळ्यात पाठीक डबो बांधून बावीत उतरवतंय." मुलगा काही बोलला नाही, पण बाही त्याने वर दुमडलेली होती.

कोणी म्हणेल, एकाला हात नाही, दुसऱ्याला पाय नाही, मग यांची शर्यत लावायची कशी? आपल्या पीक स्पर्धेत पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा एकाच मापाने मोजतात काय? प्रत्येकाचा गट वेगळा. तसेच इथे. आंतरराष्ट्रीय जलतरणात शारीरिक अपंगत्वाचे दहा, दृष्टिदोषाचे तीन आणि बौद्धिक अपंगत्वाचा एक गट आहे. शारीरिक गटांत आकडा जितका लहान, तितकी अडचण मोठी. सारख्याशी सारखा लढतो, म्हणून तिथले पदक दयेचे नसते.

या खेळांचा उगमही इस्पितळातला. २९ जुलै १९४८ रोजी लंडनमध्ये ऑलिंपिकचे उद्घाटन झाले. त्याच दिवशी इंग्लंडातील स्टोक मँडव्हिल येथे डॉ. लुडविग गुटमन यांनी मणक्याला इजा झालेल्या सोळा माजी सैनिक स्त्री-पुरुषांची धनुर्विद्येची स्पर्धा घेतली. खेळ हा उपचाराचाच भाग, असे त्यांचे मत. पुढे १९६० साली रोमला त्याचे पॅरालिंपिक झाले.

आपल्या पेठ इस्लामपूरचे श्री. मुरलीकांत पेटकर हे सैन्यात होते. १९६५ च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचा भाग लुळा पडला. उपचार म्हणून ते पाण्यात उतरले आणि १९७२ साली जर्मनीतील हायडेलबर्ग येथे ५० मीटर मुक्तशैलीत ३७.३३ सेकंदांचा विश्वविक्रम करून सुवर्णपदक घेऊन आले. भारताचे ते पहिले वैयक्तिक पॅरालिंपिक सुवर्ण. पद्मश्री मात्र मिळाली २०१८ मध्ये, सेहेचाळीस वर्षांनी! करमाळा तालुक्यातील श्री. सुयश जाधव यांनी लहानपणी विजेच्या धक्क्याने दोन्ही हात गमावले. २०१८ च्या आशियाई पॅरा क्रीडा स्पर्धेत ५० मीटर बटरफ्लायमध्ये त्यांनी सुवर्ण जिंकले. आटपाडी तालुक्यातील श्री. सचिन खिलारी यांनी २०२४ साली पॅरिसला १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्यपदक मिळवले. ही सारी उसाच्या आणि दुष्काळाच्या मुलखातली माणसे आहेत.

सरीत नांगी पडली की तिथले बेणे कसे होते, डोळा का फुटला नाही, हे आपण बघतो आणि नांगी भरतो. नांग्या तशाच ठेवून एकरी टनेज वाढत नाही. गावच्या जत्रेत, शाळेच्या मैदानावर, ग्रामसभेत ज्यांची जागा रिकामी असते ते आपल्याच वाडीत, पडवीच्या आत बसलेले असतात. ही नांगी आपणच भरायची आहे.

तेव्हा काही गोष्टी ध्यानात घ्या. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारचे दिव्यांगत्व मानले आहे. प्रमाणपत्र जिल्हा रुग्णालयातून मिळते. ग्रामपंचायतीने स्वउत्पन्नातील ५ टक्के रक्कम दिव्यांगांसाठी खर्चावयाची असते. ग्रामसभेत हिशेब विचारा. शेतकरी कुटुंबात अपघात झाल्यास गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेत एक अवयव गेल्यास १ लाख व दोन अवयव गेल्यास २ लाख रुपये मिळतात. अर्ज तालुका कृषी अधिकाऱ्यांकडे, आणि तो लवकर करावा. त्याहून महत्त्वाचे, अपघातच टाळा. कडबा कुट्टीचे झाकण काढू नका, लांब बाहीने वैरण सारू नका, पोरांना यंत्राजवळ बसवू नका, मोटारीचे अर्थिंग तपासून घ्या.

येत्या हंगामात ऊस नोंदीस आमचे कर्मचारी घरी येतील. घरात कोणी दिव्यांग असेल व प्रमाणपत्र झाले नसेल, तर संकोच न धरता सांगावे. वाडीवार यादी करून मंडळींना रुग्णालयात नेण्याची व्यवस्था आमचा विभाग करील. आणि यंदाच्या स्पर्धेच्या उद्घाटनास जे येऊ इच्छितात, त्यांनी गट कार्यालयात नाव द्यावे. मुलांना अवश्य आणावे.