शाहबानो खटला आणि मुस्लिम स्त्रीचे हक्क

नवऱ्याने तीनदा ‘तलाक’ म्हटले की मुसलमान बाईचा संसार मोडतो व तिला काहीच मिळत नाही, असे आपल्याकडे अनेकजण समजतात. नागरिकशास्त्राच्या तासाला वरच्या वर्गांतील मुलेमुलीही हेच सांगतात. ज्या खटल्याने हा विषय देशभर पोहोचवला तो आपल्या इंदूरचा, म्हणून आम्ही येथे त्याची माहिती देत आहोत.

शाहबानो यांचा विवाह १९३२ साली इंदूरचे वकील महंमद अहमद खान यांच्याशी झाला. त्रेचाळीस वर्षांच्या संसारानंतर, १९७५ मध्ये, पतीने त्यांना घराबाहेर काढले. एप्रिल १९७८ मध्ये त्यांनी दरमहा ५०० रुपये पोटगीसाठी इंदूरच्या न्यायालयात अर्ज केला. पतीने त्याच वर्षी ६ नोव्हेंबरला तलाक दिला आणि सांगितले, मेहेरचे ३,००० रुपये भरले, आता माझी जबाबदारी ‘इद्दत’पुरतीच. इद्दत म्हणजे तलाकनंतर स्त्रीने पुनर्विवाह न करता थांबण्याची मुदत, साधारण तीन महिने. गरोदर असल्यास प्रसूतीपर्यंत.

पतीचे वार्षिक उत्पन्न सुमारे ६०,००० रुपये असल्याचे शाहबानोंचे म्हणणे होते. १९७९ मध्ये दंडाधिकाऱ्यांनी पोटगी ठरवली दरमहा २५ रुपये! दिवसाला एक रुपयाही नाही. उच्च न्यायालयाने १९८० मध्ये ती १७९ रुपये २० पैसे केली. एवढ्या रकमेविरुद्धही पती सर्वोच्च न्यायालयात गेले. २३ एप्रिल १९८५ रोजी पुण्याचे यशवंत विष्णु चंद्रचूड सरन्यायाधीश असलेल्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने त्यांचे अपील फेटाळले. स्वतःचा निर्वाह करू न शकणाऱ्या घटस्फोटितेला पोटगी देणारे फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १२५ सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे, असे पीठाने सांगितले.

पुढे मोठे वादळ उठले. खुद्द शाहबानोंनी दडपणाखाली हा निकाल नाकारला. १९८६ च्या नव्या कायद्याने पतीची जबाबदारी इद्दतपुरती ठेवली, असा अर्थ लावला गेला. परंतु शाहबानोंचेच वकील दानियल लतीफी यांच्या याचिकेवर २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या कायद्याचा वेगळा अर्थ सांगितला : पैसे इद्दतच्या मुदतीत द्यायचे, पण तरतूद तिच्या पुढील आयुष्याची करायची. १० जुलै २०२४ च्या निकालाने कलम १२५ चा मार्गही मुस्लिम घटस्फोटितेला खुला असल्याचे स्पष्ट झाले. नव्या संहितेत हेच कलम १४४ झाले आहे.

आता तलाकविषयी. दोन्ही घरांकडून एकेक मध्यस्थ नेमून समेट करावा, असे कुराणातच आहे. उत्तम मानलेली रीत म्हणजे एकदाच तलाक उच्चारून इद्दत संपेपर्यंत थांबणे. तेवढ्यात पतीला तो मागे घेता येतो. एका दमात तीनदा उच्चारलेला तलाक सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०१७ रोजी रद्द ठरवला. २०१९ च्या कायद्याने त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा ठेवली. या प्रथेविरुद्ध हमीद दलवाई यांनी १८ एप्रिल १९६६ रोजीच मुंबईत सात मुस्लिम स्त्रियांचा मोर्चा काढला होता. सातच, पण त्या काळी तेवढ्या जमल्या हेच नवल!

स्त्रीलाही विवाहातून बाहेर पडता येते, हे फारच थोड्यांना ठाऊक असते. तिने मागितलेला घटस्फोट तो ‘खुला’. यात बहुधा ती मेहेर सोडते. दोघांच्या संमतीने होतो तो ‘मुबारात’. याशिवाय १९३९ च्या कायद्यान्वये पती चार वर्षे बेपत्ता असणे, दोन वर्षे खर्च न देणे, छळ करणे अशा कारणांवरून तिला न्यायालयातून विवाह रद्द करून घेता येतो.

निकाह हा करार आहे. त्यामुळे निकाहनाम्यात अटी घालता येतात, पत्नीला तलाकचा अधिकार देण्याचीसुद्धा. मेहेर ही वधूची स्वतःची रक्कम, तिच्या वडिलांची नव्हे. पुष्कळदा ती उधार राहते व कोणी मागत नाही. निकाहनाम्याची एक प्रत मुलीने स्वतःजवळ ठेवावी. वकिलाची फी परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जावे. तेथे कोणत्याही धर्माच्या स्त्रीला, तिचे उत्पन्न न पाहता, मोफत वकील मिळतो.