सीट हलत नाही, म्हणून मोटर गेली?

मागच्या वेळी आपण अनुमानाबद्दल बोललो. धूर आणि अग्नी ऐकून ऐकून तुम्ही कंटाळला असाल, म्हणून आज गाडीचं उदाहरण घेऊ.

आमच्या गाडीत ड्रायव्हरची सीट बटणावर हलते. मी उंच, सौ. ठेंगण्या. एका सकाळी सीट मागे अडकली ती अडकलीच. त्यांचा पाय ब्रेकपर्यंत नीट पोचेना, म्हणजे गाडी चालवणंच बंद. गॅरेजवाला म्हणाला, "सर, मोटर गेली. बदलावी लागेल." मी विचारलं, "कशावरून?" तो म्हणाला, "सीट हलत नाही ना!"

याला न्यायशास्त्रात सव्यभिचार हेत्वाभास म्हणतात. मोटर बिघडली की सीट हलत नाही, हे खरं. पण मोटर ठणठणीत असतानाही सीट हलत नाही, कारण फ्यूज उडालेला असतो, बटणाचे काँटॅक्ट जळलेले असतात, किंवा वायर तुटलेली असते. जो हेतू दोन्हीकडे सापडतो, तो काहीच सिद्ध करत नाही.

मग करायचं काय? अन्वय-व्यतिरेक लावायचा. काय चालतं आणि काय चालत नाही, हे आधी नोंदवा. साध्या सीटमध्ये पुढे-मागे, वर-खाली, पाठ कलती करणं, यांना वेगवेगळ्या मोटरी असतात. एकच हालचाल बंद असेल, तर दोष त्या मोटरीत, तिच्या वायरीत किंवा तिच्या बटणात. सीट पुढे जाते पण मागे येत नाही, असं असेल तर मोटर बहुधा निर्दोष. मोटर तीच असते, दिशा बदलताना बटण फक्त वीज उलटी देतं. तेव्हा संशय बटणावर घ्या. मोटरचा आवाज येतो पण सीट जागची हलत नाही, तर दोष विजेचा नाही, गिअरचा.

आमच्याकडे सगळंच बंद होतं. तीन मोटरी एका रात्रीत जातील का हो? नाही. म्हणजे दोष तिघींच्या सामाईक वाटेवर, फ्यूज, मुख्य वायर किंवा अर्थिंग यांत कुठेतरी. फ्यूज चांगला निघाला. सीटखालच्या कनेक्टरवर मीटर लावला, तर पूर्ण 12 व्होल्ट! गॅरेजवाला खूश झाला, "बघा, वीज येतेय."

हा दुसरा हेत्वाभास. मीटर वीज जवळजवळ ओढतच नाही, त्यामुळे गंजलेल्या जोडातूनही त्याला 12 व्होल्ट दिसतात. मोटरला कित्येक अँपिअर लागतात, आणि तिथे तो जोड हात टेकतो. म्हणून मोजायचं ते बटण दाबून धरलेलं असताना. एक टोक अर्थिंगच्या वायरला, दुसरं गाडीच्या स्वच्छ उघड्या पत्र्याला. मीटरवर शून्याच्या आसपास आकडा हवा. आमचा 11 च्या घरात गेला!

कार्पेट उचललं. पावसाळाभर ओल्या चपलांचं पाणी मुरून अर्थिंगचा बोल्ट गंजला होता. पॉलिश पेपरनं घासला, आवळला. सीट सरकली.

एक मात्र सांगतो. सीटखाली पिवळे कनेक्टर असतात, ते एअरबॅगचे. त्यांना मीटर लावायचा नाही. सीट सोडवायची असेल तर आधी बॅटरी काढा, काही मिनिटं थांबा. आणि मेमरीवाल्या सीटमध्ये मधे कंट्रोल युनिट असतं, तिथे हे गणित एवढं सरळ नसतं.

हं, आता प्रश्न विचारा.