स्वस्तातला लॅपटॉप घेताय? आधी ‘ओटा’ मोजा!

मुलांच्या परीक्षा संपल्या की घरात विषय निघतोच, ‘आई, लॅपटॉप घेऊ या ना!’ चाळीस-पन्नास हजारांचा आकडा ऐकून आपण ‘पुढच्या वर्षी बघू’ म्हणतो. मग कुणीतरी पंधरा-सोळा हजारांच्या लॅपटॉपची जाहिरात दाखवतं, आणि मन चळतं. चळू द्या, पण पैसे मोजण्यापूर्वी चार गोष्टी समजून घ्या.

उदाहरणादाखल जिओबुक घेऊ. ऑक्टोबर २०२२ मध्ये हा छोटा लॅपटॉप १५,७९९ रुपयांना दुकानांत आला. वर्षाच्या आतच, जुलै २०२३ अखेर, त्याची सुधारलेली आवृत्ती जाहीर झाली. किंमत १६,४९९ रुपये. पडदा तेवढाच, ११.६ इंची. सिमवर इंटरनेट चालवायची सोयही तशीच. मग वरच्या सातशे रुपयांत मिळालं काय?

वजन १.२ किलोवरून ९९० ग्रॅमवर आलं. साठवणुकीची जागा ३२ जी.बी.ची ६४ जी.बी. झाली. आणि रॅम २ जी.बी.ची ४ जी.बी. झाली. आपल्या कामाची खरी सुधारणा ही शेवटची!

रॅम म्हणजे स्वयंपाकघरातला ओटा समजा. ओटा दोन फुटी असला, की पोळपाट उचलल्याशिवाय विळी ठेवता येत नाही. यंत्राचंही तसंच. मुलाचा ऑनलाइन वर्ग चालू आहे आणि शेजारी हिशेबाचा तक्ता उघडलात, तर कमी रॅमचं यंत्र एक काम खाली ठेवतं, दुसरं उचलतं. आपल्याला वाटतं, अडकलं! साठवणुकीची जागा म्हणजे फडताळ. फोटो, गाणी, कागदपत्रं त्यात राहतात. फडताळ भरलं तर मेमरी कार्ड घालून वाढवता येतं. पण अशा स्वस्त यंत्रांत रॅम बहुधा आत सोल्डर करून कायमची बसवलेली असते. नंतर ‘थोडी वाढवून द्या’ म्हणायची सोय नाही. म्हणून जुन्या आवृत्तीवर पाचशे-सातशेची सूट दिसली, तरी भुलू नका.

आता दुसरी गोष्ट. रॅम वाढली तरी यंत्राची जात बदलत नाही. जिओबुक अँड्रॉइडच्या घराण्यातल्या जिओ ओएसवर चालतं. विंडोजसाठी बनवलेलं टॅली त्यावर बसवता येत नाही. पत्रं लिहिणं, साधे हिशेब, वर्ग ऐकणं, पाककृती बघणं यांना ते पुरतं.

आणि इथेच स्वतःला एक प्रश्न विचारा : हे यंत्र कुणासाठी? घरात नवी वस्तू आली की पहिला हक्क मुलांचा, मग ‘ह्यांचा’. आपली पाळी येते रात्री, भांडी आवरल्यावर! बचत गटाची वही किंवा मसाल्यांच्या ऑर्डरी सांभाळायच्या असतील, तर स्वस्त यंत्र खुशाल घ्या. पण ते तुमच्या नावाचं असू द्या, आणि दुपारचे दोन तास तुमचेच असं घरात आधीच सांगून ठेवा. टॅली शिकून दुकानांचे हिशेब घरी आणायचा विचार असेल, तर मात्र घाई नको. आणखी काही महिने पैसे साठवा आणि विंडोजचंच यंत्र घ्या. चार पैसे मिळवून देणारी वस्तू थोडी महाग पडली तरी चालते; पडून राहणारी वस्तू स्वस्तातही महागच.

दुकानात जाताना एवढं लक्षात ठेवा :

• खोक्यावरचा रॅमचा आकडा स्वतः वाचा. ४ जी.बी.पेक्षा कमी नको.

• वर्ग, हिशेबाचा तक्ता आणि एखादा व्हिडिओ एकदम उघडून बघा.

• कोणत्या कंपनीचं सिम चालेल, ते विचारा.

• दुरुस्ती आपल्याच गावात होते का, याची चौकशी करा.

• पक्कं बिल घ्या आणि वॉरंटीचं कार्ड जपून ठेवा.

भाजी घेताना आपण दोनदा उलटून बघतो. मग इथेच भीड कशाला?