शेतकऱ्याच्या घरातील स्त्री व सात-बाराचा कागद

सन २०११ च्या खानेसुमारीत परभणी जिल्ह्याची साक्षरता शेकडा ७३ च्या सुमारास भरली. साऱ्या महाराष्ट्राची ८२ होती. ही तूट पुरुषांपेक्षा स्त्रियांकडे अधिक आहे. यास जुनी कारणेही आहेत. सन १९४८ पर्यंत हा मुलूख निजामी अमलाखाली होता, आणि तेथील वरिष्ठ शिक्षणाची भाषा उर्दू होती. खेड्यातील मराठी मुलीस शाळा विरळाच लाभे. गंगाखेड ही जनाबाईंची जन्मभूमी. तेव्हा येथील स्त्रीस वाणी नव्हती असे कोण म्हणेल? उणीव अक्षरांची होती.

आज प्राथमिक शाळा गावोगाव आहेत. खरी अडचण सातवी-आठवीनंतर येते. वरची शाळा परगावी असते, आणि दिवाळीच्या सुमारास कापूस फुटू लागला की वेचणीस हात हवे असतात. ते हात बहुधा मुलीचेच ठरतात. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाची तर शाळाच मागे राहते. ग्रामीण मुलींस एस. टी.चा मोफत पास देणारी अहिल्याबाई होळकर योजना आहे. परंतु गाडी शाळेच्या वेळी न आल्यास पास काय कामाचा?

आमच्या मते याचा संबंध थेट शेतीशी आहे. वडिलार्जित मिळकतीत मुलीस जन्मतः समान हक्क महाराष्ट्रात सन १९९४ च्या व साऱ्या देशात २००५ च्या कायद्याने मिळाला. तरीही हक्कसोडपत्रावर बहिणीची सही घेतली जाते, आणि पुष्कळदा तिला सहीपुरतीच अक्षरे येत असतात. खानेसुमारी साक्षर म्हणते ती सात वर्षांवरील, समजून लिहिता-वाचता येणाऱ्या व्यक्तीस; नुसती सही त्यात बसत नाही. औषधाच्या डब्यावरील लाल त्रिकोण अत्यंत जहाल विषाचा, हे रंगावरून कळते. विषबाधा झाल्यास काय करावे, हे मात्र अक्षरांतच छापलेले असते.

म्हणून आमची सूचना अशी की, शाळेत जाणाऱ्या मुलीकडून घरचा सात-बारा आई-आजीसमोर वाचवून घ्यावा. नमुना सातमध्ये खातेदाराचे नाव व क्षेत्र पाहावे. 'इतर अधिकार' या सदरात कर्जाचा बोजा आहे काय, तेही पाहावे. नमुना बारा हा पिकांचा. सन २०२१ पासून ती पीक पाहणी शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवर नोंदवावयाची असते, आणि आठवीतील मुलीस ते काम सहज जमते.