पाचटातील नत्र गेले कोठे?

नीरा डाव्या कालव्याखालील बारामती व इंदापूर तालुक्यांत ऊसतोड संपली की फडात पाचटाचा थर पडून राहतो. हेक्टरी ८ ते १० टन एवढे हे पाचट असते. ते न जाळता खोडव्यात ठेवावे, हा सल्ला शेतकऱ्यांच्या कानी वारंवार पडतो. कोणी तो मानतोही. परंतु पुढे खोडवा पिवळसर दिसू लागतो आणि दुसऱ्या वर्षी तोच शेतकरी पाचटास काडी लावतो. दोष त्याचा नव्हे. सल्ला त्याच्यापर्यंत अर्धाच पोहोचलेला असतो.

उसाचे खालचे पान सावलीत पडले व जुने झाले म्हणजे पीक त्यातील माल आवरू लागते. पानातील नत्राचा मोठा भाग हरितकणांतील प्रथिनांत गुंतलेला असतो. ही प्रथिने फोडणारी विकरे, म्हणजेच एन्झाइमे, आता कामास लागतात. हरितद्रव्य मोडते व पान पिवळे दिसते. या मोडतोडीत सुटणारा अमोनिया वाया जाऊ नये म्हणून ग्लुटामिन सिंथेटेज नावाचे विकर त्याला ग्लुटामिनच्या रूपात बांधते. तेथून हे नत्र रसवाहिन्यांतून शेंड्याच्या कोवळ्या पानांस मिळते. जिरायत पट्ट्यातील रब्बी ज्वारीत तेच कणसात उतरते; वाळल्या कडब्यात हिरव्या चाऱ्याइतकी प्रथिने राहत नाहीत, त्याचे एक कारण हेच.

उसाच्या हिरव्या पानात कोरड्या वजनाच्या दीड ते दोन टक्के नत्र असते. पाचटात जेमतेम अर्धा टक्का उरते. कर्ब मात्र भरपूर. असे पाचट कुजविताना जिवाणूंना नत्र अपुरे पडते, ते जमिनीतील नत्र उचलतात आणि खोडव्याची काही काळ उपासमार होते. म्हणून दर टन पाचटामागे ८ किलो युरिया, १० किलो सिंगल सुपर फॉस्फेट व १ किलो पाचट कुजविणारे जिवाणू पसरून टाकावेत व पाणी द्यावे. पाचट जाळल्यास उरलेसुरले नत्रही हवेत जाते. राखेत पालाश तेवढे राहते.

युरियाची गोणी फोडण्यापूर्वी पिवळेपणा कोणत्या पानापासून सुरू झाला, हे मात्र अवश्य पाहावे. खालची पाने आधी पिवळी पडत असतील तर नत्राची उणीव समजावी. शेंड्याची कोवळी पाने पिवळी व शिरा तेवढ्या हिरव्या असतील तर तो बहुधा केवडा होय. चुनखडीच्या जमिनीत तो विशेष आढळतो. लोह हे नत्रासारखे जुन्या पानातून सहजी हलत नाही. अशा फडात कितीही युरिया दिला तरी केवडा जात नाही. तेथे हेक्टरी २५ किलो हिराकस, म्हणजे फेरस सल्फेट, दसपट शेणखतात मुरवून द्यावे.