आरोग्यसेवेची पहिली पायरी : उच्च माध्यमिक स्तरावरील व्यवसायशिक्षण

शाळा आणि रुग्णालय या दोन संस्थांचा परस्परांशी संबंध काय, असे विचारले असता बहुतेकांच्या मनात एकच उत्तर येते. विज्ञान शाखेतून बारावी व्हावे, प्रवेशपरीक्षा द्यावी आणि डॉक्टर व्हावे. ही आकांक्षा गैर नाही. परंतु तिचे गणित पाहणे आवश्यक आहे. वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेस २०२४ साली देशभरातून तेवीस लाखांहून अधिक विद्यार्थी बसले, आणि त्या वर्षी एम.बी.बी.एस.च्या जागा एक लाखाहून थोड्याच अधिक होत्या. म्हणजे वीस विद्यार्थ्यांमागे एकालादेखील धड जागा मिळत नाही. उरलेल्यांत रुग्णसेवेची खरी ओढ असलेली कितीतरी मुले-मुली असतात. त्यांच्यासाठी शाळा काय करू शकते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

रुग्णालय केवळ डॉक्टरांवर चालत नाही, हे आजारपण अनुभवलेल्या प्रत्येकास ठाऊक आहे. रक्ताचा नमुना घेणारा व तपासणारा प्रयोगशाळा-तंत्रज्ञ, क्ष-किरण विभागातील कर्मचारी, शस्त्रक्रियागृहातील साहाय्यक, परिचारिका, औषधनिर्माता, भौतिकोपचारतज्ज्ञ आणि रुग्णाला अंथरुणातून उठवून बसविणारा रुग्णसाहाय्यक अशा अनेकांच्या हातांतून उपचार रुग्णापर्यंत पोहोचतो. या साखळीतील एक कडी निखळली तरी उत्तमोत्तम निदानही व्यर्थ जाते. रक्ताच्या नळीवर दुसऱ्याच रुग्णाचे नाव पडले, तर यंत्र अचूक चालूनही अहवाल चुकीचाच येतो, आणि त्या अहवालावर आधारलेला उपचार घातक ठरू शकतो.

परंपरा आणि धोरण

हाताचे कौशल्य आणि शालेय विद्या यांची सांगड घालण्याचा विचार आपल्याकडे नवा नाही. वडोदरे येथे सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने १८९० साली कलाभवन स्थापन झाले. त्याचे प्रवर्तक प्रा. त्रिभुवनदास गज्जर यांनी तांत्रिक शिक्षण देशी भाषांतून द्यावे असा आग्रह धरला. पुण्यात १९०९ साली सुरू झालेल्या सेवासदनाने, रमाबाई रानडे यांच्या नेतृत्वाखाली, परिचर्येचे शिक्षण घेण्यास स्त्रियांना प्रवृत्त केले. परिचर्या हे प्रतिष्ठित घरातील स्त्रीचे काम नव्हे, असे मानणाऱ्या त्या काळात ही मोठीच गोष्ट होती.

स्वातंत्र्योत्तर काळात कोठारी आयोगाने (१९६४–६६) माध्यमिक शिक्षणाला व्यवसायाची जोड देण्याची शिफारस केली. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने उच्च माध्यमिक विद्यार्थ्यांपैकी १० टक्के १९९० पर्यंत आणि २५ टक्के १९९५ पर्यंत व्यवसाय अभ्यासक्रमांकडे वळावेत असे उद्दिष्ट ठेवले. १९८८ पासून केंद्रपुरस्कृत योजना सुरू झाली. तिच्या व्यवसायगटांत शेती, वाणिज्य, अभियांत्रिकी यांच्याबरोबर आरोग्य व वैद्यकीय साहाय्य हाही एक गट होता. १९९२ साली मुदती वाढवून अनुक्रमे १९९५ व २००० अशा करण्यात आल्या. तरीही उद्दिष्टे गाठली गेली नाहीत. १९९३ साली भोपाळ येथे पंडित सुंदरलाल शर्मा केंद्रीय व्यावसायिक शिक्षण संस्थेची स्थापना झाली आणि अभ्यासक्रम व पाठ्यपुस्तके तयार करण्याचे काम तिच्याकडे आले.

हे प्रयत्न अपुरे का पडले, हे समजून घेतले पाहिजे. पहिले कारण सामाजिक होते. ‘ज्याला कोठेच प्रवेश मिळत नाही, त्याने व्यवसाय शाखेला जावे’ ही समजूत घराघरांत आणि शिक्षककक्षातही रुजली होती. दुसरे कारण रचनेतील होते. या शाखेतून बारावी झालेल्या विद्यार्थ्यापुढे वरच्या शिक्षणाची दारे बहुधा बंद असत. पुढे जाण्याची वाट नसलेल्या रस्त्यावर हुशार मूल पाऊल टाकीत नाही, आणि त्याचे पालक तर मुळीच टाकू देत नाहीत.

प्रत्यक्षात काय शिकवितात?

२०१३ साली राष्ट्रीय कौशल्य अर्हता आराखडा अधिसूचित झाला आणि शालेय व्यवसाय अभ्यासक्रमांना निश्चित पायऱ्या मिळाल्या. २०२० च्या शैक्षणिक धोरणाने व्यवसायशिक्षण हे सामान्य शिक्षणाच्या मुख्य प्रवाहात आणण्याचा पुरस्कार केला आहे. आज आरोग्यसेवा हा विषय ज्या शाळांत अकरावी-बारावीला शिकविला जातो, तेथे मुख्यतः रुग्णसाहाय्यकाच्या, म्हणजे ‘जनरल ड्यूटी असिस्टंट’च्या कामाची तयारी करून घेतली जाते.

या अभ्यासक्रमाचे स्वरूप थोडक्यात असे. विद्यार्थी शरीररचना व पोषण यांची मूलतत्त्वे शिकतो. नाडी, श्वसन, तापमान आणि रक्तदाब मोजावयास शिकतो. विश्रांत अवस्थेतील प्रौढाची नाडी मिनिटाला ६० ते १०० आणि श्वसन १२ ते २० असते, हे पाठ करणे सोपे आहे. घाबरलेल्या वृद्धाच्या मनगटावर बोट ठेवून पूर्ण एक मिनिट शांतपणे मोजणे, ही खरी विद्या होय. रुग्ण अंथरुणात असतानाच चादर बदलणे, शय्याव्रण होऊ नये म्हणून ठराविक वेळाने कूस पालटणे, चाकाच्या खुर्चीवर सुरक्षितपणे बसविणे, भरविणे, स्नान घालणे ही कामे तो शिकतो. प्रथमोपचार, लसीकरण आणि हात धुण्याची शास्त्रीय पद्धतही त्यात येते.

रुग्णालयातील कचऱ्याचे वर्गीकरण हा असाच एक महत्त्वाचा भाग आहे. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार रक्त-पू लागलेला कापूस पिवळ्या पिशवीत, दूषित प्लास्टिक लाल पिशवीत, सुया व पाती पांढऱ्या अभेद्य डब्यात आणि काच निळ्या खुणेच्या पेटीत जावी लागते. हे रंग चुकले की दंड होतो एवढेच नव्हे. त्या कचऱ्याला हात लावणाऱ्या सफाई कामगाराला सुई टोचण्याचा आणि त्यातून कावीळ ‘ब’सारखा रोग होण्याचा धोका असतो. आपल्या बेफिकिरीची किंमत दुसरा मोजतो, हा नीतिपाठ येथे प्रवचनाविना शिकावयास मिळतो.

प्रमाणपत्र काय देते, आणि काय देत नाही

पालकांनी सर्वांत अधिक लक्ष द्यावे असा भाग हाच आहे. शालेय प्रमाणपत्र मिळालेला विद्यार्थी साहाय्यक म्हणून कामास आरंभ करू शकतो. तो परिचारक किंवा तंत्रज्ञ झालेला नसतो. इंजेक्शन देणे वा स्वतःच्या विचाराने औषध देणे हा त्याचा अधिकार नव्हे. २०२१ च्या राष्ट्रीय संलग्न व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने प्रयोगशाळा, क्ष-किरण, शस्त्रक्रियागृह इत्यादी क्षेत्रांतील संलग्न व्यावसायिकासाठी दोन ते चार वर्षांत विभागलेले किमान २,००० तासांचे पदविका वा पदवी शिक्षण अपेक्षिले आहे. भौतिकोपचारासारख्या व्यवसायासाठी तीन ते सहा वर्षांत किमान ३,६०० तासांची पदवी हवी. बारावीच्या एका विषयाच्या बळावर हे स्थान मिळत नाही. तसे आश्वासन देणारी जाहिरात दिसल्यास ती संस्था कोणत्या परिषदेच्या मान्यतेने चालते, हे प्रथम विचारावे.

परंतु पूर्वी बंद असलेली काही दारे आता उघडली आहेत, हेही तितकेच खरे. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांनुसार आरोग्यसेवा-विज्ञान या व्यवसाय शाखेतून मान्यताप्राप्त मंडळाची बारावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी तीन वर्षांच्या सामान्य परिचर्या व प्रसूतिविद्या पदविकेस किमान ४० टक्के गुणांवर पात्र ठरतो. दोन वर्षांच्या साहाय्यक परिचारिका-प्रसाविका अभ्यासक्रमाचे दारही खुले आहे. चार वर्षांच्या बी.एस्‌सी. नर्सिंगसाठी मात्र भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र व इंग्रजी हे विषय आणि ४५ टक्के गुण लागतात. म्हणून अकरावीत विषय निवडतानाच पुढचा मार्ग ठरविणे हिताचे. जीवशास्त्रासह विज्ञान शाखा घेऊन त्याला आरोग्यसेवेची जोड देणाऱ्यास दोन्ही वाटा मोकळ्या राहतात. ज्यास विज्ञान झेपत नाही, त्यासही पदविकेची वाट उरते. नियम वेळोवेळी बदलतात, तेव्हा प्रवेशाच्या वर्षीचे परिपत्रक पाहूनच निर्णय घ्यावा.

तीन अटी

असा अभ्यासक्रम सार्थ ठरावयाचा, तर तीन गोष्टी अपरिहार्य आहेत.

पहिली, प्रत्यक्ष रुग्णालयातील सराव. पुतळ्यावर रक्तदाब मोजून हात तयार होत नाही. शाळेचा जवळच्या रुग्णालयाशी लेखी करार असावा. विद्यार्थ्यावर अनुभवी परिचारिकेची देखरेख असावी. प्रवेशापूर्वी कावीळ ‘ब’ची लस तिन्ही मात्रांत पूर्ण व्हावी. ही मुले सोळा-सतरा वर्षांची असतात, त्यांना फुकटचे मनुष्यबळ म्हणून राबविले जाऊ नये. रुग्णाविषयी जे कळले ते बाहेर बोलावयाचे नाही, हा नियम पहिल्या दिवशीच सांगावा.

दुसरी, शिकविणारी व्यक्ती. ज्याने रुग्णाची शुश्रूषा केलेली नाही त्याने केवळ पुस्तकावरून हा विषय शिकवू नये. वर्षावर्षाच्या तुटपुंज्या करारावर नेमलेला शिक्षक टिकत नाही, आणि त्याच्याबरोबर रुग्णालयाशी जुळलेला संबंधही तुटतो.

तिसरी, भाषा. पारिभाषिक शब्द इंग्रजीत राहतील, राहू द्यावेत. परंतु कारणमीमांसा मुलाला त्याच्या भाषेत कळली पाहिजे. येथे आपल्यासारख्या बृहन्महाराष्ट्रातील शाळांना एक नैसर्गिक लाभ आहे. आपला विद्यार्थी घरी मराठी, रस्त्यावर तेथील प्रांतभाषा आणि बाजारात हिंदी बोलतो. वेदनेने व्याकूळ झालेला रुग्ण मातृभाषेतच बोलतो. त्याचे बोलणे समजणारा साहाय्यक औषधाइतकाच उपयुक्त असतो. जे बहुभाषिकत्व आपण कधी अडचण मानले, ते या क्षेत्रात भांडवल आहे.

माजी विद्यार्थ्यांना विनंती

प्रस्तुत पुस्तिकेच्या वाचकांत डॉक्टर आहेत, परिचारिका आहेत, रुग्णालयांचे व्यवस्थापक आहेत आणि औषधविक्रेतेही आहेत. शाळेला देणगी देण्याची आपली परंपरा स्तुत्यच आहे. पण या कामी पैशापेक्षा वेळाची गरज अधिक आहे. आपल्या प्रयोगशाळेत चार विद्यार्थ्यांना महिनाभर उभे राहू द्यावे. नववीच्या वर्गात येऊन आपले काम अर्धा तास समजावून सांगावे. प्रवेशाच्या मोसमात एक दिवस पालकांच्या शंकांना उत्तरे द्यावीत. आणि आपल्या घरी, आपल्या सोसायटीत, परिचारिका वा तंत्रज्ञ होऊ पाहणाऱ्या मुलीला ‘डॉक्टर का नाही झालीस?’ असे विचारू नये. तो प्रश्न ऐकून कित्येक मुले आपली आवड सोडून देतात.

ज्या गुरुजनांच्या स्मरणार्थ आपण एकत्र येतो, त्यांनी शिकविताना पहिल्या बाकाबरोबर शेवटच्या बाकाचाही विचार केला. वैद्यकीय महाविद्यालयात गेलेल्या विद्यार्थ्यांची नावे शाळेच्या फलकावर लागतात, ती लागावीतच. त्याच फलकावर रुग्णाच्या उशाशी रात्रभर जागणाऱ्या विद्यार्थिनीचे नावही लागले, तर आरोग्यसेवेची पहिली पायरी शाळेत असते हे पुढच्या मुलांना वेगळे सांगावे लागणार नाही.