भट्टीची मळी आणि खारेपाटाची घरे

वडखळ मागे टाकून अलिबागच्या रस्त्याने निघावे आणि ऐन भरतीच्या वेळी धरमतरच्या पुलावर उभे राहावे, म्हणजे अंबा नदीच्या रुंदावलेल्या पात्रातून लोहखनिजाने भरलेले बार्ज डोलवीच्या धक्क्याकडे संथपणे सरकताना दिसतात. आणि तेथून परत फिरून खारबंदिस्तीच्या आतल्या एखाद्या गावात शिरले, म्हणजे वीस-पंचवीस वर्षांपूर्वी मोठ्या हौसेने बांधलेल्या घरांच्या छज्ज्यांखाली काँक्रीटचे पोपडे सुटून तांबूस सळया उघड्या पडलेल्या दिसतात. ही दोन्ही दृश्ये एकाच पेण तालुक्यातली. तरीही त्यांचा परस्परांशी काही संबंध असेल, असे पाहणाऱ्याच्या मनात सहसा येत नाही. वस्तुतः त्या खनिजापासून लोखंड गाळताना जो पदार्थ भट्टीबाहेर मळी म्हणून काढून टाकावा लागतो, तोच त्या छज्ज्यातील सळयांचे रक्षण करण्यास विशेष समर्थ आहे, आणि या योगायोगाचा लाभ खाडीकाठच्या या खारेपाटातील माणसाला पुरतेपणी अद्याप मिळालेला नाही, ही गोष्ट प्रस्तुत लेखकाला दीर्घकाळ अस्वस्थ करीत आली आहे.

सळई का गंजते, हे आधी पाहिले पाहिजे. काँक्रीट अल्कधर्मी असते आणि त्या अल्कधर्मामुळे लोखंडाभोवती एक अतिसूक्ष्म संरक्षक पापुद्रा जमतो. परंतु काँक्रीट कितीही टणक दिसले तरी ते सच्छिद्र असते, आणि खाडीच्या दमट वाऱ्याबरोबर आलेले क्लोराइडचे कण त्या छिद्रांतून वर्षानुवर्षे आत झिरपत सळईपर्यंत पोहोचले, की तो पापुद्रा भेदला जातो. गंजाला मूळ लोखंडाच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा लागते. ती जागा करून घेण्यासाठी तो भोवतालचे काँक्रीट आतून फोडतो. म्हणूनच आयएस ४५६ या भारतीय मानकाने किनाऱ्यावरील बांधकाम ‘तीव्र’ परिस्थितीत मोडते असे ठरवून तेथे किमान एम ३० प्रतीचे काँक्रीट आणि सळईवर ४५ मिलिमीटर आवरण सांगितले आहे, आणि भरती-ओहोटीच्या पट्ट्यात तर एम ४० व ७५ मिलिमीटर. गावातल्या घराच्या स्लॅबखाली सळईला प्रत्यक्षात किती आवरण मिळते, हे सेंट्रिंगवर चढून ज्याने एकदा पाहिले आहे त्याला वेगळे सांगावयास नको.

जुन्या काळी समुद्राशी वागण्याची रीत निराळी होती. अलिबागच्या कुलाबा किल्ल्याच्या तटात मोठमोठे चिरे चुन्यावाचून नुसते एकावर एक रचलेले आहेत, त्यामुळे लाटेचे पाणी फटींतून आत शिरते आणि तिचा जोर तेथेच जिरतो. लोखंडाचा अस्थिपंजर पोटात घेऊन उभ्या राहणाऱ्या आपल्या इमारतींना पाण्याशी असा उदार व्यवहार करता येत नाही. त्यांना ते बाहेरच थोपवावे लागते.

आता सिमेंटकडे वळू. जोसेफ अ‍ॅस्पडिनने १८२४ साली इंग्लंडात ज्याचे पेटंट घेतले, त्या पोर्टलंड सिमेंटचा आजचा वंशज चुनखडी व माती सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत भाजून तयार होणाऱ्या क्लिंकरपासून बनतो. शुद्ध चुनखडी भाजली तर तिच्या वजनापैकी ४४ टक्के भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडून जातो, आणि इंधनाचा धूर त्याहून वेगळा. म्हणजे भट्टी कितीही सुधारली तरी दगडातून निघणारा हा वायू काही चुकत नाही. जगातील मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के वाटा एकट्या सिमेंटचा मानला जातो, आणि सिमेंट उत्पादनात चीनच्या खालोखाल आपला देश आहे. तेव्हा नव्या काँक्रीटचा शोध म्हणजे मुख्यतः क्लिंकर कमी कसा लागेल याचा शोध होय. जपानमध्ये १९८०च्या दशकात प्राध्यापक हाजिमे ओकामुरा यांच्या विचारातून जन्मलेले, व्हायब्रेटरवाचून आपोआप साच्यात पसरणारे काँक्रीट, किंवा हॉलंडमधील डेल्फ्ट येथे हेंक योंकर्स यांनी विकसित केलेले, तडा गेल्यास जिवाणूंकरवी तो बुजवून घेणारे काँक्रीट, हे प्रयोग निःसंशय कुतूहलाचे आहेत. परंतु पेण-रोह्याच्या संदर्भात मला अधिक मोलाची वाटते ती डोलवीची मळी.

झोतभट्टीत लोखंड वितळते तेव्हा खनिजातील वाळू, अ‍ॅल्युमिना आणि मुद्दाम घातलेली चुनखडी यांचा रस वर तरंगतो, हाच स्लॅग. एक टन लोखंडामागे तो तीनशे-चारशे किलो निघतो. सावकाश निवू दिला तर त्याचा निव्वळ दगड होतो. पण सुमारे १५०० अंशांचा तो रस पाण्याच्या जोरदार झोताखाली एकदम थंड केला, तर स्फटिक बनण्यास अवधी न मिळून त्याची काचेसारखी रवाळ वाळू होते, आणि ती बारीक दळली की तिच्यात सिमेंटचा गुण प्रकट होतो. एमिल लांगेन या जर्मन गृहस्थाने हा गुण १८६२ साली ओळखला. डोलवीत पूर्वी इस्पात इंडस्ट्रीजचा आणि आता जेएसडब्ल्यूचा असलेला पोलाद कारखाना आहे, आणि त्याच्याच सान्निध्यात स्लॅग दळून सिमेंट करणारा कारखानाही आहे. तेव्हा या मळीला शेजारच्या शेजारी गिऱ्हाईक मिळाले आहे.

स्लॅग एकटा पाण्यात फारसा जागा होत नाही. सिमेंट पाण्याशी संयोग पावताना जो मोकळा चुना सुटतो, तो त्याला जागे करतो. त्या चुन्याला पोटात घेऊन स्लॅग नवा बंधक पदार्थ निर्माण करतो, मोठी छिद्रे बारीक होतात, वाटा वाकड्या होतात, शिवाय त्यातील अ‍ॅल्युमिना क्लोराइडला रासायनिक रीतीने बांधून ठेवतो. काँक्रीट जमतानाची उष्णता कमी राहते, म्हणून पुलांच्या जाड पायांना तडे जाण्याचे भयही कमी. आयएस ४५५ या मानकानुसार पोर्टलंड स्लॅग सिमेंटमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग असू शकतो. म्हणजे निम्म्याहून अधिक क्लिंकर वाचवूनही पदार्थ खाऱ्या हवेत सरस ठरतो. पेणच्या गणपतींच्या कारखान्यांतील कारागिरांना घट्ट होण्याच्या वेळेचे मर्म चांगले ठाऊक असते. ज्या जिप्समला भाजून त्यांचे प्लास्टर बनते आणि मिनिटांत आळते, तेच जिप्सम न भाजता सिमेंटमध्ये घातले, तर ते त्याचे आळणे उलट लांबवते. या एकाच खनिजाचे हे दोन स्वभाव पेणइतके जवळून क्वचितच कोठे पाहावयास मिळत असतील.

पोलाद-भट्टीतील मळी मात्र वेगळी, आणि या दोहोंची गल्लत पुष्कळदा होते. तिच्यात मोकळा चुना राहतो व तो पाण्याने फुगतो, म्हणून ती सिमेंटात न घालता योग्य संस्कार करून खडी म्हणून वापरावी लागते. दिल्लीच्या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या तंत्राने डोलवीच्या सुमारे ८०,००० टन मळीची अशी खडी करून मुंबई-गोवा महामार्गाच्या पनवेल-इंदापूर टप्प्यात एक किलोमीटरचा चौपदरी रस्ता बांधण्यात आला आणि जानेवारी २०२४ मध्ये नीती आयोगाचे सदस्य डॉ. विजयकुमार सारस्वत यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. वडखळ, नागोठणे, कोलाड असा पेण आणि रोहा या दोन्ही तालुक्यांतून जाणारा हा टप्पा. महामार्गाच्या २०११ पासून रखडलेल्या रुंदीकरणाच्या कामाने प्रवाशांचे जे हाल केले, ते येथील प्रत्येक घराला ठाऊक आहेत. डोंगर फोडून काढलेल्या खडीऐवजी कारखान्याच्या ढिगातील खडी त्याच वाटेवर पसरली गेली, ही घटना लांबीने लहान असली तरी अर्थाने लहान नाही.

तथापि हिशेब चोख मांडला पाहिजे. स्लॅगच्या नावावर कार्बन अत्यल्प लिहिला जातो तो त्याचा सारा भार पोलादाच्या खात्यावर टाकल्यामुळे. आणि भंगारापासून वा हायड्रोजनने पोलाद करण्याची रीत रूढ होत गेली, तर झोतभट्टीची ही मळीही आटत जाईल. तेव्हासाठी भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी मिसळून क्लिंकर निम्म्यावर आणणाऱ्या सिमेंटचा मार्ग खुला आहे. स्वित्झर्लंडच्या लोझान येथील प्राध्यापिका कॅरेन स्क्रिव्हनर यांच्याबरोबर आपल्या आयआयटींनीही त्यावर परिश्रम केले, आणि २०२३ साली त्याला आयएस १८१८९ हे मानक मिळाले. त्यासाठी लागणारी केओलिनयुक्त माती कोकणातच, सिंधुदुर्गात, सापडते.

परंतु खारेपाटातल्या घरमालकाची अडचण या सर्वांहून साधी आहे. स्लॅगचे काँक्रीट सावकाश बळ धरते. साच्यातून सोडवल्यावर ते आतून हिरवट-निळसर दिसते आणि हवा लागताच काही दिवसांत तो रंग जातो, यात दोष काही नाही. दोष उत्पन्न होतो तो पाणी मारण्यात हयगय झाली तर. साध्या सिमेंटला किमान सात दिवस, तर अशा मिश्र सिमेंटला किमान दहा आणि उष्ण-कोरड्या हवेत चौदा दिवस ओल टिकवावी, असे आयएस ४५६ सांगते. हे पाणी गोडे हवे. सळईच्या काँक्रीटसाठी पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक क्लोराइड चालत नाही, आणि समुद्राच्या पाण्यात ते १९,००० मिलिग्रॅमच्या घरात असते. रोह्यात भिऱ्याच्या वीजगृहातून सुटलेले पाणी कुंडलिकेला बारमाही वाहते ठेवते, तेथे हा प्रश्न उद्भवत नाही. पेणच्या वाशी-शिर्कीकडील गावांत मात्र, हेटवण्याचे धरण त्याच तालुक्यात असून त्याचे पाणी नवी मुंबईला जात असताना, उन्हाळ्यात पिण्यासाठीच टँकरची वाट पाहावी लागते. आणि बांधकामाचा हंगाम नेमका तोच. गवंडी स्लॅबवर गोणपाट अंथरतो, मालकीण घरातले उरलेसुरले दोन हंडे त्यावर रिते करते, आणि चौथ्या-पाचव्या दिवशी गोणपाट कोरडे पडते किंवा विहिरीचे मचूळ पाणी त्यावर पडू लागते. त्या स्लॅबवर लागणारे पाच-सहा पिंप गोडे पाणी जर ग्रामपंचायतीच्या बांधकाम परवान्याबरोबर मिळण्याची व्यवस्था झाली, तर डोलवीच्या भट्टीतून निघालेली मळी भरतीच्या रेषेपलीकडे, ज्या घरांना तिची सर्वांत जास्त गरज आहे तेथे, खऱ्या अर्थाने पोहोचेल.